अर्धं गोणपाट

आप्पा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइल फक्त उचलायला आणि ठेवायला वापरता हे मी बुधवारी पाहिलंच. तेव्हा हे नातवाकडून वाचून घ्या. तो हसेल, हसू द्या. चारचौघांत लिहितोय, कारण आठ महिने माझ्या गाडीला नावंही चारचौघांतच ठेवली गेली.

तुम्ही गाडीची थरथर काढून दिलीत, तुमच्याकडून निघालो आणि एरंडोल कधी मागे पडलं ते कळलंच नाही. डॅशबोर्डवर पाण्याची बाटली ठेवली होती. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, ती तिथे ठेवायची सोय नव्हती. काटा 55 वर गेला की नाचत नाचत दाराकडे जायची आणि 65 ला माझ्या पायात. बुधवारी जळगावपर्यंत होती तिथेच उभी राहिली. बांभोरीच्या पुलाजवळ गाडी कडेला घेऊन मी नुसताच बसून राहिलो. भाडं नव्हतं, घाई नव्हती, पण लगेच निघवेना.

मी पिकअपमधून नेतो ती आमच्याकडची भरताची वांगी तुम्हाला माहीत आहेत. हिरवी, पांढऱ्या रेघांची, अंगाने मोठी आणि सालीने नाजूक. कॅरेटमध्ये चार तास एकमेकांवर घासली की तांबूस डाग पडतात. मग व्यापारी एक वांगं हातात घेऊन फिरवतो, बोलत काहीच नाही, फक्त भाव पाडतो. त्याला मी काय सांगणार, माझी गाडी थरथरते म्हणून?

तुमच्या आधीच्या मेकॅनिकांचं थोडक्यात सांगतो, तुम्ही त्या दिवशी ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. एकाने चारही चाकं बॅलन्स केली, 1,200 घेतले. दुसऱ्याने क्लच प्लेट बदलली, 9,500. तिसरं मोठं वर्कशॉप. काचेचं ऑफिस, आत एसी, गाडीपाशी जायची परवानगी नाही. "तुम्ही तिकडे बसा, चहा येईल." चहा आला. मग इंजिनाच्या माउंटिंगचं बिल आलं. थरथर तशीच आहे म्हटल्यावर आतल्या साहेबाने 2009 चं आरसी बुक बघितलं आणि म्हणाला, "काका, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. तुम्हाला जास्त जाणवतं." हे मला पैशांपेक्षा लागलं. सतरा वर्षं स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला तू कोण सांगणारा, मला काय जाणवतं ते?

तुम्ही पहिला प्रश्न काय विचारलात, आठवतं? "हाई कव्हयपाईन शे?" आमच्याकडे लेवा बोली, तुमची अहिराणी मला अर्धीच कळते, पण हे बरोबर कळलं. कधीपासून. तिघांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं. मी सांगितलं, आखाजीच्या आदल्या रात्री रस्त्यात क्रॉस, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणाऱ्या शाफ्टचा सांधा, गेला होता, एका माणसाने बॅटरीच्या उजेडात शाफ्ट उतरवून नवा बसवला, तेव्हापासून. तुम्ही फक्त "हां" म्हणालात आणि शेजारी येऊन बसलात.

60 ला गाडी न्यूट्रल करायला लावलीत. थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही, क्लच नाही. माझे 9,500 तिथेच वाऱ्यावर गेले, बरं का. स्टेअरिंग शांत होतं आणि सीट कापत होती, म्हणजे पुढची चाकंही नाहीत. चाकाचा दोष असेल तर हेलकावा येतो, ही बारीक कापरी आहे, असं तुम्ही म्हणालात. चाक एकदा फिरतं तेवढ्यात शाफ्ट चारेक वेळा फिरतो, त्यामुळे त्याचं दुखणं असं अंगात बारीक शिरतं. हे सगळं दहा मिनिटांत, एकही पाना न उचलता.

पण मी लिहायला बसलो ते यासाठी नाही.

तुम्ही गोणपाट टाकून गाडीखाली गेलात. मी सवयीने लांब, लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. खालून हाक आली, "आठे देख." इथे बघ. वाकून पाहिलं तर तुम्ही पाठीवरच सरकत एका बाजूला गेला होतात आणि गोणपाटाची अर्धी जागा माझ्यासाठी मोकळी केली होती. तुमचा स्वतःचा खांदा मातीत. साठी उलटलेला माणूस! मी आडवा झालो. तुम्ही बॅटरी माझ्या हातात दिलीत, पेचकसाने शाफ्टवरचा चिखल खरवडलात, चिंधीने पुसलंत, आणि त्या काळ्या वंगणातून एक छोटा बाण वर आला. मग दातांनी त्यात अडकणाऱ्या शाफ्टच्या शेजारच्या तुकड्यावर दुसरा. दोघांनी समोरासमोर असायला हवं होतं. ते रुसलेल्या भावांसारखे दोन बोटं अंतरावर, भलतीकडे बघत होते.

तुम्ही समजावलंत ते मी घरी बायकोलाही सांगितलं. वाकलेल्या कोनात फिरणारा क्रॉस शाफ्टला एका फेऱ्यात दोनदा पळवतो, दोनदा रोखतो. एकाची ही खोडी दुसऱ्या टोकाचा क्रॉस निस्तरतो, पण क्रॉस धरणारे दोन्हीकडचे काटे एका रेषेत असले तरच. दात चुकवून बसवलं की निस्तरणारा कोणी नाही. आठ महिन्यांच्या हादऱ्यांनी शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या सेंटर बेअरिंगचं रबरही फाटलं होतं, ते मला तुम्ही बोट घालून बघायला लावलंत. मग म्हणालात, "तुनं खरं शे, भो."

आप्पा, बॅटरी हलली ती त्यामुळे. हात दुखत होता म्हणून नाही.

बेअरिंगचे पैसे आणि वर 300, एवढंच घेतलंत. क्लचवाल्याबद्दल वाईट एक शब्द नाही, त्या रात्रीच्या माणसाबद्दल तर उलट "अंधारात बिचाऱ्याला बाण दिसला नसेल." मला एवढं मोठं मन नाही. काम येणारी माणसं खूप भेटतात, पण गिऱ्हाइकाला शेजारी जागा करून देणारी किती? डॉक्टर असो, तलाठी असो, बँकेतला असो, सगळे आपल्याला लिंबाखालीच उभं करतात. कागद त्यांच्याकडे तोंड करून, आपल्याला फक्त सही कुठे करायची ते बोट. तुम्ही निघताना दोन्ही तुकड्यांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढलीत, पुढच्या मेकॅनिकला दिसावी म्हणून. तो कोण असेल, तुम्हाला माहीतही नाही.

चंपाषष्ठीला मी येतोय. वांगी, हिरवी मिरची, कांद्याची पात माझ्याकडून, भरीत ठेचायची लाकडी बडगीही गाडीत टाकतो. कपाशीच्या काड्या तुमच्या शेडमागे पडलेल्या पाहिल्यात, त्या कोरड्या ठेवा. आणि ते गोणपाट एकदा झटकून घ्या, माझ्या बाजूला मुंग्या होत्या. त्या दिवशी बोललो नाही.

तुमचा,
वांगीवाला पिकअपवाला