अनंत, पण सारखेच नाहीत

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, सम संख्या नैसर्गिक संख्यांच्या निम्म्या, मग दोन्ही संच सारखे कसे? आणि लगेच पुढे, सगळं अनंतच आहे तर लहानमोठं कशाला? शंका दोन्ही रास्त आहेत, फक्त एकमेकींच्या विरुद्ध जातात!

मोजणं जिथे संपतच नाही तिथे जोड्या लावायच्या. 1 ला 2, 2 ला 4, 3 ला 6. कोणी उरत नाही, म्हणून दोन्ही संच सारखे. 2 ला 2, 4 ला 4 अशी लावलीस तर 3 बिचारा एकटा पडेल, पण एक मांडणी फसली म्हणून काही सिद्ध होत नाही. एकही मांडणी जमत नाही असं दाखवलं, तरच संच लहानमोठे. गॅलिलिओने 1638 मध्ये वर्गसंख्यांच्या अशाच जोड्या लावल्या आणि अनंताला कमी-जास्त म्हणूच नये असं ठरवून टाकलं. मला हे घाईचं वाटतं.

आता 0 ते 1 मधल्या दशांश संख्या घे. समज, कोणीतरी सगळ्यांची यादी आणली, म्हणजे पहिली 1 ला, दुसरी 2 ला अशा जोड्याच लावल्या:

0.5238…
0.7104…
0.3391…

पहिलीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा: 5, 1, 9. प्रत्येक बदल. 5 असेल तर 4, नसेल तर 5. झाली 0.455… ही पहिलीशी पहिल्या अंकात जुळत नाही, दुसरीशी दुसऱ्या, हजारावीशी हजाराव्या. म्हणजे यादीत नाहीच. (4 आणि 5 च घेतले, कारण 0.4999… आणि 0.5 एकच, 0 आणि 9 टाळले की ही भानगड येत नाही.) तू म्हणशील, मग घाला तिला यादीत. घाल की! नव्या यादीवर तीच युक्ती पुन्हा. यादी कोणती, हे आपण विचारलंच नव्हतं. म्हणजे एकही मांडणी जमत नाही, आणि दशांश संख्यांचा संच नैसर्गिक संख्यांच्या संचापेक्षा मोठा.

ही गणितज्ञ कॅन्टरची 1891 ची युक्ती. या दोन आकारांच्या मधला एखादा संच असतो का, हे मात्र त्याला शेवटपर्यंत सुटलं नाही. गोडेल आणि 1963 मध्ये कोहेन या गणितज्ञांनी मिळून दाखवलं की संचांच्या नेहमीच्या गृहीतकांवरून ‘असतो’ही सिद्ध होत नाही आणि ‘नसतो’ही. त्यावर पुढच्या पत्रात.

तोवर सगळे धन अपूर्णांक एका रांगेत बसवून पाहा. बसतात. अंश आणि छेदाच्या बेरजेने सुरुवात कर.

तुझे बाबा