कूलर न विकणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला न पाठवता सगळ्यांसमोर लिहितोय. सांगली-मिरजेत लग्नाचे व्हिडिओ, नाटकांची रेकॉर्डिंग, घरांची थ्रीडी चित्रं करणारे कितीतरी जण माझ्यासारख्याच ओव्हरक्लॉक केलेल्या, म्हणजे मूळच्यापेक्षा जास्त वेगावर लावलेल्या कॉम्प्युटरवर काम करतात आणि एप्रिल लागला की सगळ्यांची तक्रार एकच असते: मशीन तापतं आणि मंदावतं. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांनाही कळायला हवं. शिवाय कॉम्प्युटरचे कूलर विकणाऱ्या ज्या दुकानदारानं हातात आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवलं, त्याचे आभार चारचौघांतच मानले पाहिजेत.

माझं काम तुम्हाला माहीत आहे. हौशी संस्थांच्या नाटकांचं चित्रीकरण करायचं आणि एडिट करून अंतिम फाइल द्यायची. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या गावात मराठी नाटकाची सुरुवात केली, तिथं या कामाला तोटा नाही. मशीन मी पुण्याहून सेकंडहँड आणलेलं, इंटेलच्या आय-सेव्हन ८७०० के या प्रोसेसरचं. आधीच्या मालकानं प्रोसेसरचे सगळे कोअर ५ गिगाहर्ट्झच्या क्लॉकवर, म्हणजे वेगावर, लावून ठेवले होते आणि व्होल्टेज मदरबोर्डच्या 'ऑटो'वर सोडलेलं होतं. हिवाळ्यात सगळं सुरळीत चाललं. मे महिन्यात मात्र गच्चीवरच्या खोलीत एन्कोडिंग (एडिट झालेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) लावलं की पहिली काही मिनिटं ५.० दिसायचं, मग ४.८, ४.६, आणि शेवटी ४.४ च्या आसपास घुटमळत राहायचं. तापमानाचा आकडा १०० वर चिकटलेला. पंखे तर असे घोंघावायचे की त्या खोलीत आवाजाचं काम करणं अशक्य.

तुमच्याकडे आलो ते प्रोसेसरसाठी ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, म्हणजे पाण्यावर चालणारा मोठा कूलर, घ्यायचाच असं ठरवून. खिशात पैसे होते, तुमच्या फळीवर कूलर होता. तुम्ही म्हणालात, "दादा, कूलर कुठं पळून जात नाही. आधी मशीन आणा, आणि खोलीतलं तापमान मोजायचा एक साधा थर्मामीटर आणा."

थर्मामीटर कशाला, हे तुम्ही समजावलंत तेव्हा माझ्या डोक्यातला अर्धा गुंता सुटला. हवेवर चालणारा असो की पाण्यावर, कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली आणि प्रोसेसर यांच्यातलं अंतर किती ठेवायचं, एवढंच त्याच्या हातात असतं, आणि लोड तोच असेल तर ते अंतर साधारण तेवढंच राहतं. जानेवारीत खोली २४ अंशांवर होती तेव्हा प्रोसेसर ९२ दाखवायचा, म्हणजे अंतर ६८. तीच खोली मे महिन्यात दुपारी ४० वर गेली की बेरीज १०८ होते. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची. तिथं पोचला की तो आपणहून क्लॉक उतरवतो, म्हणजे थ्रॉटल होतो, आणि तरीही आवरलं नाही तर मशीन बंद पडतं. मशीनमध्ये काही बिघडलेलं नव्हतंच. हिवाळ्यात जेमतेम बसणारा हिशोब सांगलीच्या उन्हाळ्यात बसत नव्हता. पुण्या-मुंबईच्या एसी खोलीत जमलेली सेटिंग्ज इथं तशीच उचलून लावायची नाहीत, हे तुम्ही फार ठासून सांगितलंत. मीही आता प्रत्येकाला तेच सांगतो.

पुढची गोष्ट मला कुठल्याच माहितीपत्रकात सापडली नसती. कॅबिनेटची बाजूची काच काढून फरक बघायची युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. पण थ्रॉटल होत असताना प्रोसेसर १०० वरच अडकलेला असतो, त्यामुळे काच लावा नाहीतर काढा, आकडा हलत नाही. म्हणून तुम्ही आधी क्लॉक ४.३ वर आणलंत, तापमान १०० च्या बरंच खाली येऊन स्थिरावू दिलंत आणि मग काच काढलीत. फरक पडला फक्त ३ अंशांचा. म्हणजे कॅबिनेटमधून हवा नीट खेळत होती, दोष तिथं नव्हता. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता पुढं नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून नवी लावलीत, त्यानं आणखी २ अंश उतरले. बरं झालं, पण रोग तोही नव्हता.

मग तुम्ही मशीन पुन्हा ५.० वर लावून पूर्ण लोडवर घेतलंत आणि कूलरच्या बुडाशी असलेल्या नळ्यांना हात लावून बघितलात. मलाही लावायला सांगितलात. पडद्यावर १०० अंश आणि हाताला नळ्या नुसत्या कोमट! उष्णता कूलरपर्यंत पोचतच नव्हती, मग कूलर मोठा करून काय होणार? ८७०० के मध्ये सिलिकॉनची चिप आणि वरचं धातूचं झाकण यांच्यामध्ये सोल्डर नसतं, पेस्ट असते. २०१८ च्या ९९०० के पासून इंटेलनं तिथं पुन्हा सोल्डर वापरलं, पण माझा त्याच्या आधीच्या पिढीतला. साधारण १५० चौरस मिलिमीटरच्या चिपमधून दीडशे वॅटच्या वर उष्णता निघते आणि ती सगळी त्या पेस्टच्या थरातून बाहेर पडते. अडलेली जागा झाकणाच्या आत होती. बाहेर तीन पंखे लावा नाहीतर सहा.

झाकण उचकटून आत पेस्टऐवजी लिक्विड मेटल (उष्णता जास्त चांगली नेणारा पातळ धातू) भरायचं का, असं मी विचारलं. तुमच्या हाताला ते काम जमतं हे मला ठाऊक होतं. तुम्ही सरळ नाही म्हणालात. "रोजीरोटीचं मशीन आहे दादा. उष्णता बाहेर काढायच्या मागं लागण्यापेक्षा आत कमी तयार होईल असं बघू."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. प्रोसेसरचा वीजखर्च क्लॉकच्या पटीत वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 'ऑटो'वर मदरबोर्ड १.३८ व्होल्ट देत होता. मशीन कुठल्याही परिस्थितीत कोसळू नये म्हणून बोर्ड गरजेपेक्षा जास्तच देतो. तुम्ही क्लॉक ४.७ वर आणलंत आणि व्होल्टेज हातानं एकेक पायरी खाली घेत गेलात. प्रत्येक पायरीला माझंच एक एन्कोडिंग चालवलंत. गेममध्ये टिकलेली सेटिंग एन्कोडिंगमध्ये टिकेलच असं नाही, कारण एन्कोडर एव्हीएक्सच्या, म्हणजे एका दमात पुष्कळ आकडेमोड करणाऱ्या, सूचना वापरतो आणि त्यांनी प्रोसेसर कितीतरी जास्त तापतो. म्हणून पोटापाण्याचं जे काम, तीच चाचणी. विंडोजच्या नोंदींत पहिली हार्डवेअर एरर आली तिथं थांबलात आणि दोन पायऱ्या वर येऊन १.२२ वर ठरवलंत.

आता हिशोब बघा. क्लॉक ६ टक्के कमी, आणि वीज मात्र पाव भागाहून जास्त कमी. गार चिपमधून गळणारा करंटही कमी, त्यामुळे थोडा फायदा वरून. मशीन घरी आणल्यावर त्याच खोलीत, तशाच दुपारी, ४० अंशांत प्रोसेसर ८८ वर थांबला आणि ४.७ वरून तसूभर हलला नाही. आधीचं ५.० वालं मशीन तापल्यावर ४.४ वर धावत होतं. काहीही न छेडलेला हाच प्रोसेसर सगळ्या कोअरवर ४.३ देतो. म्हणजे एवढ्या उष्णतेच्या आणि आवाजाच्या बदल्यात मला जवळपास मुळातलाच वेग मिळत होता, आणि तुम्ही आकडा खाली आणून काम लवकर करून दिलंत.

ताई, याचं मोल मला पैशात सांगता येत नाही. या मे महिन्यात तीन अंकी नाटकाची फाइल मी भर दुपारी लावली आणि शेजारच्याच टेबलावर बसून दुसऱ्या नाटकाचे संवाद साफ केले. पंख्यांचा आवाज त्यात येत नाही. संस्थेच्या लोकांना वेळेत फाइल मिळाली, तीही रात्र न जागवता.

खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान आणि टिकून राहिलेला क्लॉक, असे तीन रकाने तुम्ही आखून दिले होते. ते मी अजून भरतोय. अंतर हळूहळू वाढायला लागलं की धूळ साचली किंवा पेस्ट वाळली असं समजायचं, हे लक्षात आहे. गेल्या महिन्यात ते ४८ वरून ५१ वर गेलंय.

म्हणून पावसाळा लागायच्या आत सफाईसाठी मशीन घेऊन येतोय. मागच्या वेळी एवढा वेळ घालवून तुम्ही फक्त पेस्टचे पैसे घेतलेत. या वेळी तपासणीची मजुरी घ्यायला नाही म्हणू नका. सोबत माझे मिरजेचे दोन मित्र येतील. दोघांनाही कूलरच घ्यायचाय. त्यांना थर्मामीटर आणायला सांगितलाय.

तुमचा ऋणी,
गच्चीवरच्या खोलीतला एडिटर, सांगली