दंडारीच्या चित्रणासाठी घरातला सर्व्हर

ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीनंतर गावात झालेल्या दंडारीच्या लोकनाट्याचे चित्रण ज्या मेमरी कार्डात होते, ते कार्डच बिघडल्याचे मी तुला फोनवर सांगितले होते. त्या रात्री गायलेल्या म्हाताऱ्या शाहिरांचा आवाज आता उतरला आहे, आणि व्हॉट्सॲपवरून घरोघरी गेलेल्या चित्रफिती आकसून इतक्या धूसर झाल्या आहेत की त्यांत चेहरेही नीट ओळखू येत नाहीत. म्हणून गावातली सर्व चित्रणे मूळ स्वरूपात एका जागी ठेवणारा लहानसा सर्व्हर मी घरीच उभा केला आहे.

तू रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक सुचवला होतास. तरीही मी जुना लॅपटॉपच निवडला, कारण त्याला स्वतःची बॅटरी आहे. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि फाइल लिहिली जात असतानाच ती गेली तर फाइल अर्धवट राहते, शिवाय डिस्कवरच्या इतर नोंदींनाही धोका पोचू शकतो. राउटरलाही मी १२ व्होल्टची छोटी बॅटरी जोडली आहे. लॅपटॉपवर डेबियन ही लिनक्स प्रणाली डेस्कटॉपविना बसवली आणि झाकण मिटले तरी यंत्र झोपू नये अशी मांडणी केली. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणून ते टिनाखाली न ठेवता मातीच्या भिंतींच्या आतल्या खोलीत ठेवले आहे.

बाहेरची डिस्क आधी फाइली साठवण्याच्या फॅट३२ पद्धतीची होती. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही आणि रात्रभराचे चित्रण तर त्याहून कितीतरी मोठे असते, त्यामुळे ती रिकामी करून लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीची केली.

खरा विचार करावा लागला तो फाइली वाटण्याच्या पद्धतीचा. सांबा ही नेटवर्कवरून फोल्डर वाटण्याची सोय संगणकांसाठी उत्तम आहे, परंतु गावात संगणक किती आहेत? सगळ्यांच्या हाती फोन आहेत, आणि वेगळे ॲप घालायला सांगितले की माणसे मागे फिरतात. म्हणून मी कॉपीपार्टी ही ब्राउझरमधून फाइली देण्याघेण्याची प्रणाली निवडली. पायथन या संगणकभाषेवर चालणारी ती एकच फाइल आहे; घरातल्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि शेवटी ३९२३ हा पोर्ट क्रमांक लिहिला की पान उघडते, आणि पाठवणे मध्येच तुटले तर तीच फाइल पुन्हा निवडून उरलेला भाग पाठवता येतो. मात्र काहीही न सांगता ती सुरू केली तर समोरचे फोल्डर प्रत्येकाला वाचायला आणि लिहायला खुले होते. ते मला मान्य नव्हते. म्हणून एका फोल्डरात लोकांना फक्त टाकता येते, आत काय आहे ते दिसत नाही. मी तपासून दुसऱ्या फोल्डरात हलवले की ते सगळ्यांना पाहता येते, पण पुसता येत नाही. राउटरमधून लॅपटॉपला पत्ता कायमचा बांधून दिला आहे, नाहीतर तो बदलला की लोकांना पानच सापडणार नाही.

इंटरनेटवरून हा सर्व्हर मी मुद्दाम उघडलेला नाही. चित्रणे ज्यांची आहेत ती माणसे याच गावात राहतात, आणि घरी येऊन फाइल नेण्यात त्यांना काही अडचण नाही.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. एक प्रत दुसऱ्या डिस्कवर भावाच्या घरी ठेवली आहे, पण दोन्ही घरे एकाच आळीत आहेत. तुझ्या नागपूरच्या संगणकावर सिंकथिंग हे दोन संगणकांतली फोल्डरे सारखी ठेवणारे सॉफ्टवेअर बसवून तिसरी प्रत ठेवशील का? तुझ्याकडचे फोल्डर फक्त घेणारे ठेव आणि जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय आठवणीने चालू कर, कारण माझ्याकडून चुकून काही पुसले गेले तर ते तुझ्याकडूनही पुसले जाईल. होकार कळव, म्हणजे पहिली प्रत डिस्कवर घालून मीच घेऊन येईन. एवढा डेटा इथल्या मोबाइल नेटवरून चढायला फार दिवस लागतील.

वहिनींना नमस्कार.

तुझाच
बालमित्र