शाळेची आकडेवारी आधी शाळेच्या कामी येऊ द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळकरी मुले किती शिकली हे पाहणाऱ्या 'परख' राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या आधारे कोणता जिल्हा वर आणि कोणता खाली, याची चर्चा होते. 4 डिसेंबर 2024 रोजी झालेल्या या सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीचे वर्ग होते, तेही निवडक शाळांतले. अशा नमुना पाहणीतून जिल्ह्याचा अंदाज येतो. एखाद्या शाळेतल्या चौथीच्या मुलांना नेमके कुठे अडते, हे त्यातून कळत नाही, आणि ते कळावे म्हणून ती घेतलेलीही नसते. तरीही त्यावरून केंद्राकेंद्राला, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एकेका गटाला, जाब विचारला जातो. शाळा सुधारायला लागणारी माहिती शाळेतच तयार होते. ती तिथे वापरली जात नाही, हे आमचे खरे दुखणे आहे.

वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत आणि सत्राअखेरच्या संकलित चाचण्यांचेच बघा. पेपर तपासले, गुण ऑनलाइन भरले, की उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कपाटात जातो. खरे काम तिथून सुरू व्हायला हवे. एका कागदावर उभ्या रांगेत मुलांची नावे, आडव्या ओळीत प्रश्नांचे क्रमांक लिहावेत. उत्तर बरोबर असेल तर खूण करावी. चुकले असेल तर मुलाने लिहिलेले उत्तर जसेच्या तसे चौकटीत उतरवावे. पंचवीस मुलांच्या वर्गाला एका विषयासाठी तास-दीड तास लागतो, पण त्यातून हाती येते ते कोणत्याही पोर्टलवर सापडत नाही.

उदाहरणार्थ, 52 वजा 27. कुणी 79 लिहिले असेल तर त्याने बेरीज केली. चिन्ह पाहिले नाही किंवा प्रश्न वाचला नाही. 35 लिहिणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याने एककाच्या घरात 7 मधून 2 वजा केले, कारण 2 मधून 7 जात नाहीत आणि दशक सुटा करायचा असतो हे त्याला उमगलेले नाही. दोघांनाही शून्यच गुण मिळतात, पण पहिल्याला दोन मिनिटे पुरतात, तर दुसऱ्याला दहाच्या काड्यांचा गठ्ठा सोडून एकेक काडी मोजण्यापासून सुरुवात करावी लागते. अर्ध्याहून अधिक वर्गाने 35 लिहिले असेल तर तो घटक सगळ्यांना पुन्हा शिकवावा. चारच मुले असतील तर त्यांचा वेगळा गट करावा, बाकीच्यांना अडकवून ठेवू नये.

सरासरीने फार फसगत होते. वीस दिवसांच्या महिन्यात तीस मुलांच्या वर्गाची उपस्थिती 90 टक्के आली, म्हणजे 60 गैरहजेऱ्या झाल्या. प्रत्येक मूल दोन-दोन दिवस घरी राहिले तरी हाच आकडा येतो, आणि तीन मुले महिनाभर शाळेत फिरकलीच नाहीत तरीही हाच. पहिल्या प्रकारच्या वर्गाची काळजी नाही. दुसऱ्या प्रकारच्या वर्गातली तीन मुले कदाचित आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली असतील, आणि हंगाम संपून परत येतील तेव्हा अर्धे वर्ष मागे पडलेली असतील. म्हणून महिनाअखेरीस हजेरीपटाची टक्केवारी काढण्याआधी दोनपेक्षा जास्त दिवस गैरहजर असलेल्यांची नावे काढावीत, आणि पुढे कारण लिहावे: आजारपण, धाकट्या भावंडाला सांभाळणे, बाजारचा दिवस, स्थलांतर. कारणानुसार उपाय बदलतो.

लहान पटाच्या शाळांत तर टक्के काढूच नयेत. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या हजारो शाळा आहेत. आठ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. ते त्या दिवशी तापाने घरी राहिले तर 'निकाल घसरला' म्हणून खुलासा मागायचा का? तिथे मुलाचे नाव आणि त्याचा वाचनस्तर एवढेच लिहावे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.

आणखी एक चूक सर्रास होते. पायाभूत चाचणीतले 48 टक्के आणि संकलितमधले 55 टक्के यांची वजाबाकी करून 'सात टक्के प्रगती' असे अहवालात लिहिले जाते. पायाभूत मागील इयत्तेवर असते, संकलित चालू इयत्तेवर. काठिण्यही सारखे नसते. प्रगती मोजायची तर तोच वाचनस्तर, तीच कसोटी, मात्र नवा उतारा घेऊन दर महिन्याला मोजावी. केंद्रप्रमुखांनी हजेरीपटातून चिठ्ठ्या टाकून पाच मुले निवडावीत आणि अनोळखी उतारा वाचून घ्यावा. शिक्षकांच्या नोंदीत आणि यात फरक आढळला तर त्याची चर्चा शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत व्हावी. नोटीस काढू नये. नोटीस निघाली की पुढच्या महिन्यात सगळी मुले कागदावर 'गोष्ट' स्तरावर जातात, आणि मग त्या नोंदवहीचा कुणालाच उपयोग राहत नाही. यात शिक्षकांचा दोष आम्ही कमी मानतो. ज्या आकड्यावर क्रमवारी लावली जाते तो आकडा फुगणारच.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 22 नुसार शाळा विकास आराखडा शाळा व्यवस्थापन समितीने करायचा असतो. बहुतेक ठिकाणी गेल्या वर्षीचाच आराखडा तारीख बदलून येतो: 'वाचन सुधारणे', 'गणित पेटी वापरणे'. वरील नोंदींवरून तो असा लिहिता येईल: 'तिसरीतील 24 पैकी 9 मुले शब्दस्तरावर आहेत. रोज परिपाठानंतर 45 मिनिटे त्यांचा वेगळा गट. जबाबदारी वर्गशिक्षकांची. दर पंधरा दिवसांनी तपासणी. डिसेंबरअखेर किमान 7 मुले परिच्छेद स्तरावर.' एका वर्षात असे तीन मुद्दे पुरेत. दहा घेतले की एकही धड होत नाही. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवरची भौतिक सुविधांची माहितीही याच बैठकीत प्रत्यक्षाशी ताडून पाहावी. स्वच्छतागृह आहे आणि ते वापरात आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी नसेल तर दुसऱ्या रकान्यात 'होय' लिहू नये.

शिक्षण विभागाकडे तीन मागण्या आहेत. चाचणीनंतरचा पूर्ण एक दिवस प्रश्ननिहाय तक्त्यासाठी राखून ठेवावा आणि त्या दिवशी 'सायंकाळी 5 पर्यंत तातडीने' म्हणून कोणतीही माहिती मागवू नये. केंद्रांच्या आणि तालुक्यांच्या सरासरी गुणांवरून क्रमवारी लावणे बंद करावे. आणि शाळेने एकदा भरलेली माहिती दुसऱ्या लिंकवर पुन्हा मागू नये.

पालकांनाही समितीच्या बैठकीत हा तक्ता मागता येतो. मुख्याध्यापकांनी तो मुलांची नावे झाकून दाखवावा. आपल्या मुलाचे काय, ते प्रत्येक पालकाला वर्गशिक्षकांनी वेगळे बसवून सांगावे.

आपले,
शालेय मूल्यमापनाचे काम करणारे काही शिक्षक