ताराबाईंचा युक्तिवाद वाचताना

प्रिय सखे,

तुझं पत्र मिळालं. प्रबंधाचा विषय ठरला आणि तोही एकोणिसाव्या शतकातल्या मराठी स्त्रियांचं मन वळवणारं लेखन, हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू! तू विचारतेस, स्त्रीवादी दृष्टीने वक्तृत्वशास्त्र, म्हणजे बोलून-लिहून मन वळवण्याचं शास्त्र, अभ्यासायचं म्हणजे नेमकं करायचं काय? आणि मार्गदर्शक सांगतात तशी ॲरिस्टॉटल, सिसरो या प्राचीन ग्रीक-रोमन विचारवंतांची चौकट 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांना लावली तर चालेल का? लावून बघ. बरंच काही हाती येईल. पण ती चौकट तयार झाली तेव्हा सभेत, न्यायालयात उभं राहून बोलणारा नागरिक समोर होता. त्याला बोलण्याचा हक्क आहे हे कुणाला सिद्ध करावं लागत नव्हतं. ताराबाईंना पहिल्या ओळीपासून तेच करावं लागलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. आपल्याकडे या बायकांचं लेखन व्यथा म्हणून वाचतात. प्रस्तावना काढून बघ: आक्रोश, हुंकार, दाहक अनुभव. आगरकरांचा निबंध शिकवताना मात्र आपण मुद्दा, प्रतिमुद्दा, दाखला, निष्कर्ष असं सगळं उलगडून दाखवतो. बाईने लिहिलं की ती साक्षीदार, आणि पुरुषाने लिहिलं की तो विचारवंत. स्त्रीवादी अभ्यासाचं पहिलं काम ही वाटणी मोडायचं आहे. बाईने मुद्दा कसा रचला, कुणाला उद्देशून रचला, कोणती वाट बंद होती म्हणून कोणती धरली, हे बारकाईने बघायचं.

'स्त्रीपुरुष तुलना'च घे. सुरतेतल्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या आरोपावरून १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर ताशेरे ओढून झाले होते. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात छापलेलं पुस्तक हे त्याला उत्तर आहे. आता उत्तराची रीत बघ. स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, उद्धटपणाचं घर, साहसाचं नगर अशी दोषांची यादी देणारा एक जुना संस्कृत श्लोक त्या समोर ठेवतात आणि एकेक दोष उचलून पुरुषांना विचारतात: हा तुमच्यात नाही का? असलाच तर आमच्यापेक्षा जास्तच नाही का? कधी त्या दोष कबूलही करतात आणि लगेच विचारतात, की तो आमच्यात आला कुणामुळे? प्रतिपक्षाचीच मांडणी घ्यायची, तिचा क्रम पाळायचा आणि प्रत्येक पायरीवर ती उलटवायची, ही रचना रागाच्या भरात आपोआप होत नाही. राग आहेच, आणि तो खरा आहे. पण त्याला शिस्त आहे. ही शिस्त तुझ्या प्रबंधात दिसली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

प्रस्तावनेत ताराबाई स्वतःला मराठ्यांच्या घरात कोंडलेली, बुद्धी नसलेली बाई म्हणवून घेतात. हे आपलं पहिलंच लेखन, भाषा कडक आहे, असंही सांगतात. याला नुसती विनयाची रूढी म्हणून सोडू नकोस. हीच युक्ती जगाच्या दुसऱ्या टोकालाही सापडते. मेक्सिकोतली जोगीण सोर हुआना हिने एका नामांकित धर्मोपदेशकाच्या प्रवचनावर टीका लिहिली होती. प्वेब्लाच्या बिशपने १६९० मध्ये ती छापली आणि सोबत 'सोर (म्हणजे सिस्टर) फिलोतेआ' या जोगिणीच्या नावाआड लपून तिला समज देणारं पत्र जोडलं. १६९१ मधल्या उत्तरात ती आपल्या अज्ञानाबद्दल पुन्हा पुन्हा क्षमा मागते आणि त्याच पत्रात विदुषींची भलीमोठी मालिका उभी करते. स्वयंपाकघरातही निसर्गाचे नियम कळतात, ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी लिहिलं असतं, असंही म्हणते. समोरचा बिशप आहे हे तिला बहुधा ठाऊक असावं. तरी बहिणीला लिहावं तसं लिहिते, आणि त्यामुळेच सभेत बोलता आलं नसतं ते बोलून जाते. दोघींच्या मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं आणि अख्खा महासागर आहे, पण बंद दार सारखंच होतं, म्हणून किल्लीही सारखी घडली.

मुक्ताबाई साळव्यांवर मात्र स्वतंत्र प्रकरण लिही. फुल्यांच्या शाळेतली ही मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात आला. वेद फक्त ब्राह्मणांचे, असं ब्राह्मणच सांगतात; मग आम्हाला धर्मपुस्तक नाही हे उघड झालं; पुस्तक नाही तर आम्ही धर्मरहित ठरलो. मग, हे भगवंता, आमचा धर्म कोणता ते तूच सांग. प्रतिपक्षाचं विधान जसंच्या तसं मान्य करून त्याला अशा जागी नेऊन उभं केलंय की त्याला पुढे सरता येत नाही. तिथून ती आपल्याच लोकांकडे वळते आणि शिका म्हणून सांगते. एवढ्याशा निबंधात श्रोते तीनदा बदलतात: वरचे, देव, आपले. तर्कशास्त्राच्या वर्गात हा निबंध का ठेवत नाहीत, मला कळत नाही.

आता या शाखेतल्या एका भांडणाबद्दल, कारण तुला त्यात बाजू घ्यावी लागेल. कार्लिन कोर्स कॅम्पबेल यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्त्री-हक्कांसाठी बोललेल्या बायकांची भाषणं आणि त्यांचं विश्लेषण दोन खंडांत मांडलं. त्यांनी एक 'स्त्री-शैली'ही सांगितली: अनुभवातून निष्कर्षाकडे जाणं, श्रोत्याला बरोबरीचं मानणं, सूर खासगी ठेवणं. हे गुण जन्मजात नाहीत, बायका ज्या कामांतून शिकत आल्या त्यातून ते आले, असं त्यांचं म्हणणं. त्यावर बार्बरा बीसेकर यांनी १९९२ मध्ये हरकत घेतली: थोर पुरुषांच्या यादीत चार थोर स्त्रिया घातल्याने यादीची कसोटी बदलत नाही, आणि जिचं नाव उरलं नाही ती बाहेरच राहते. मला दोघींचं पटतं, पण क्रम महत्त्वाचा वाटतो. ग्रंथच हाती नसतील तर कसोटीवर वाद कशाच्या जोरावर घालायचा? 'स्त्रीपुरुष तुलना' १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं नसतं तर आज आपण या पत्रात काय बोललो असतो?

ग्रंथ हाती आला तरी तो कुणाच्या हातून आला ते बघच. गुलामीतून सुटलेल्या अमेरिकन वक्त्या सोजर्नर ट्रुथ यांचं ॲक्रन गावातलं भाषण १८५१ चं. त्याच वर्षी एका वर्तमानपत्रात आलेल्या वृत्तांतात ते गाजलेलं 'मी बाई नाही का?' हे पालुपद नाही. ते येतं फ्रान्सिस गेज यांनी १८६३ मध्ये छापलेल्या आवृत्तीत, आणि तिथे भाषाही दक्षिणेकडल्या गुलामांची घातली आहे. ट्रुथ न्यूयॉर्क राज्यातल्या, त्यांची पहिली भाषा डच. म्हणजे आपण ज्या वाक्यावर टाळ्या वाजवतो ते दुसऱ्याच बाईने रचलेलं असण्याची दाट शक्यता आहे. रखमाबाईंची १८८५ मधली 'टाइम्स ऑफ इंडिया'तली पत्रं वाचतानाही हे ध्यानात ठेव. ती इंग्रजीत आहेत, 'हिंदू लेडी' या नावाने आहेत आणि तेव्हा नांदायला यावं म्हणून पती दादाजींनी त्यांच्यावर लावलेला खटला चालू आहे. नाव झाकल्याने काय साधलं, कोणता वाचक मिळाला आणि कोणता गमावला, हा प्रश्न पत्रातल्या मजकुराइतकाच मोठा आहे.

एका मताशी मात्र माझं अजिबात जमत नाही. सोन्या फॉस आणि सिंडी ग्रिफिन या अमेरिकन अभ्यासकांनी १९९५ मध्ये मांडलं, की दुसऱ्याचं मत बदलायला जाणं हेच मुळात वर्चस्व गाजवणं आहे. त्याऐवजी आपली दृष्टी समोर ठेवावी आणि समजून घ्यायचं आमंत्रण द्यावं. विचार सुंदर आहे, समान पातळीवरच्या माणसांत तो शोभतोही. पण जिला घरातच आवाज नाही तिने कुणाला आमंत्रण द्यायचं? एका विधवेच्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर ताशेरे ओढले जात असताना ताराबाईंना समोरच्याचं मत बदलायचंच होतं. त्यांच्या रागाला कमी स्त्रीवादी ठरवणारी व्याख्या मला मान्य नाही, आणि तू तुझ्या पहिल्या प्रकरणात हे स्पष्ट लिहावंस असा माझा आग्रह आहे.

१८८५ मध्ये फुल्यांनी आपल्या 'सत्सार' या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, तो मजकूरही मिळव. बाईच्या युक्तिवादाला सहकारी पुरुषाने कसं उत्तर दिलं आणि कोणते मुद्दे पुढे नेले, हे शेजारी शेजारी ठेवून बघ. कारण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. ते का, याचं उत्तर तुला कदाचित पुस्तकात मिळणार नाही, पुस्तकाला मिळालेल्या वागणुकीत मिळेल. ते प्रकरण लिहून झालं की मला आधी पाठव.

तुझीच,
मैत्रीण