एका ढलपीची गोष्ट: जाहीर आभार

नागपूर

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येता कामा नये, या अटीवरच तुम्ही हे पत्र जाहीरपणे लिहू दिलेत, म्हणून ‘भाऊ’ या संबोधनावरच थांबते. तान्हा पोळ्यासाठी, म्हणजे मुलांच्या पोळ्यासाठी, लाकडी बैल घडवणाऱ्या नागपूरच्या महाल भागातील सुतारकाकांवर मी जो छोटा माहितीपट केला, त्यातील एका दृश्याबद्दल मला हमखास विचारणा होते. बैलाच्या वशिंडावर वाकसाचा, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराचा, घाव बसतो, ढलपी सुटते आणि हवेत संथपणे गिरक्या घेत खाली येते, एवढेच ते दृश्य आहे. ते माझ्या हातून निसटलेच होते. तुम्ही ते परत मिळवून दिलेत.

तुमच्या दुकानातून नेलेला ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा ४के हाती आल्यावर मी मेनूत दिसणारा सर्वांत मोठा आकडा, म्हणजे सेकंदाला १२० फ्रेम (एकेक स्थिर चित्र), लावला आणि निर्धास्त झाले. रात्री लॅपटॉपवर पाहते तर ढलपी संथ उडत होती खरी, पण मागची भिंत सेकंदाला चारेक वेळा उजळत होती आणि मंदावत होती. बिघडलेला कॅमेरा माथी मारला, असे मी फोनवर तुम्हाला बोलले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुम्ही चिडला नाहीत, फक्त विचारलेत, “ताई, सुतारखान्यात उजेड कशाचा आहे?” उजेड होता चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटचा.

त्यानंतरच्या अर्ध्या तासात तुम्ही जे समजावलेत, ते मला तोवर कोणीच नीट सांगितले नव्हते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. डोळ्यांना ते कळत नाही, पण १२० फ्रेम टिपणाऱ्या सेन्सरच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीच्या, वाट्याला प्रत्येक फ्रेममध्ये त्या चढउताराचा वेगळा तुकडा येतो आणि तेच चित्रण २५ फ्रेमच्या गतीने पाहताना भिंत धडधडू लागते. म्हणून प्रोजेक्ट (चित्रण दाखवायची गती) २५ वर, सेन्सर (टिपायची गती) १०० वर आणि शटर (फ्रेम किती वेळ उघडी राहते ते) ३६० अंशांवर ठेवायला तुम्ही सांगितलेत, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा शंभरावा भाग उघडी राहते आणि उजेडाचा एक अख्खा ठोका तिच्यात मावतो. १२० चा मोह सोडताना मला थोडे वाईट वाटले, हे कबूल करते. पण चौपट संथ गती या दृश्याला पुरून उरली.

उजेड कमी पडला, तेव्हा आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील, तो आकडा) १००० वर घुटमळू नका, सरळ १२५० वर जा, हा तुमचा सल्ला मला आधी उलटा वाटला होता, कारण हा आकडा वाढवला की चित्रातले दाणे वाढतात, असेच मी ऐकले होते. या कॅमेऱ्याच्या सेन्सरला ४०० आणि ३२०० असे दोन मूळ आयएसओ आहेत व १२५० पासून दुसरा लागू होतो, हे कळल्यावर सावलीतले दाणे का कमी झाले त्याचा उलगडा झाला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः स्कूटरवरून सुतारखान्यात आलात, हे तर मी मागितलेही नव्हते. भिंत आता स्थिर होती, पण ढलपी दोऱ्यासारखी ताणलेली दिसत होती, कारण ३६० अंशांवर शटर फ्रेमभर उघडेच राहते. तुम्ही काकांना विनंती करून त्यांचा ओंडका अंगणात आणवलात, आणि पावसाने उघडीप दिली तशी, आता विजेचा काही संबंधच उरला नाही, असे म्हणत शटर १८० अंशांवर आणलेत. सेकंदाच्या दोनशेव्या भागात टिपलेल्या त्या ढलपीच्या कडेचे फाटलेले तंतू वेगवेगळे मोजता येतात. मी सात मोजले. काकांनी मात्र ढलपीकडे पाहिलेच नाही, घाव तिरपा पडला म्हणून ते हळहळत राहिले.

मी चित्राचा आकार एचडीवर ठेवला होता, तेही तुम्हीच बदललेत. १२० पर्यंतच्या फ्रेम एचडीहून मोठ्या २.६के आकारातही मिळतात आणि त्यात सेन्सरचा अधिक भाग वापरला जातो, ही गोष्ट मेनू चार वेळा चाळूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. तरीही चौकट अरुंदच होत होती आणि काकांचा हात व बैलाचे डोके एकत्र मावेना, तेव्हा तुम्ही पिशवीतून अधिक रुंद दृश्य टिपणारी आपली १२ मिलिमीटरची लेन्स काढून दिलीत. मेमरी कार्डाला वेग न झेपून त्याने फ्रेम गाळल्यास चित्रण आपोआप थांबावे, ही सोयही तुम्ही जाताजाता सुरू केलीत. दुपारी तिनेच मला कार्ड बदलायला लावले.

घावांचा आवाज नेहमीच्या गतीने वेगळा ध्वनिमुद्रित करून ठेवा, असे तुम्ही बजावले होते. तो मी केला आणि संथ दृश्याखाली तोच वापरला आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहाही अर्धाच घेतलात. लेन्स अजून माझ्याकडेच आहे. शनिवारी दुकान उघडण्याच्या सुमारास ती घेऊन येते. सोबत काकांनी तुमच्या नातवासाठी दिलेला एक लहानसा बैल आहे. त्याचे एक शिंग किंचित आखूड झाले आहे, ते त्यांनी मुद्दाम कळवायला सांगितले आहे.

आपली कृतज्ञ,
अंगणात ओंडका उचलू लागलेली ताई