‘तांत्रिक बिघाड’ म्हणजे नेमके काय?

महोदय,

नवे सॉफ्टवेअर बसवले आणि एकाच सकाळी शेकडो संगणक बंद पडले, अशी बातमी आली की मथळ्यात ‘तांत्रिक बिघाड’ हे दोन शब्द ठरलेले. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये असतो हे खरे. पण तो सगळ्या यंत्रांवर एकदम पोहोचतो, तो नियोजन चुकल्यामुळे. तेव्हा बातमीदारांनी पहिला प्रश्न विचारावा तो हा : पहिल्या दिवशी ते सॉफ्टवेअर किती यंत्रांवर गेले?

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने सोडलेली सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली. तेवढ्यात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. मुख्य सॉफ्टवेअर एक-दोन आवृत्त्या मागे ठेवण्याची सोय ग्राहकांना होती. ही फाइल मात्र त्या सोयीत बसत नव्हती, ती सर्वांकडे एकदमच गेली.

बीटा आवृत्तीत, म्हणजे चाचणीसाठी आधीच दिलेल्या आवृत्तीत, दोष असणार हे तर गृहीतच. ती टप्प्याटप्प्याने द्यावी हेही आता सगळ्यांना पाठ आहे. घोळ होतो तो पहिल्या टप्प्यातली यंत्रे निवडताना. आयटी विभागाची नवीकोरी यंत्रे आणि चार हौशी स्वयंसेवक घेतले, तर सगळे सुरळीत चालले यात नवल ते काय? पहिली वीस यंत्रे घेतली तर त्यांत सर्वांत जुने मॉडेल हवे, ४ जीबी मेमरीवर रखडत चालणारे हवे, डिस्क काठोकाठ भरलेले हवे, जुन्या प्रिंटर ड्रायव्हरचे हवे आणि व्हीपीएनवरून (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कला जोडणाऱ्या सुरक्षित मार्गाने) अधूनमधून जोडला जाणारा लॅपटॉपही हवा.

तरीही वीस यंत्रे निर्वेध चालली याचा अर्थ फार थोडा. संख्याशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे : एकही दोष दिसला नसेल, तर ३ ला यंत्रांच्या संख्येने भागावे. खरे दोषप्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकते, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. वीस यंत्रांना हा आकडा १५ टक्के येतो, म्हणजे हजारांत दीडशे. तो १ टक्क्यावर आणायचा तर ३०० यंत्रे लागतात. हा हिशेब चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या यंत्रांचा आहे. म्हणून पहिला टप्पा मुद्दाम अवघड यंत्रांचा आणि पुढचे चिठ्ठ्या टाकून. दोन टप्प्यांत निदान आठवडाभर अंतर ठेवावे, कारण मेमरीची गळती (प्रोग्रामने वापरलेली मेमरी मोकळी न करणे) पहिल्या दिवशी दिसतच नाही. महिनाअखेरची कामे त्या मुदतीत येत नसतील तर ती मुद्दाम चालवून पाहावीत.

नेटवर्कचा हिशेब आधी कागदावर करावा. ६०० एमबीचे पॅकेज ४०० यंत्रांना म्हणजे २४० जीबी. १०० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वापरली तरी सुमारे सव्वापाच तास जातात. रोजच्या कामासाठी ७० टक्के राखून ठेवली, तर सुमारे अठरा तास. त्यामुळे प्रत्येक शाखेत एक कॅशे सर्व्हर (पॅकेज एकदाच उतरवून शाखेतल्या यंत्रांना वाटणारा) ठेवावा आणि यंत्रांच्या डाउनलोडच्या वेळा दोन-तीन तासांत विखुराव्यात. नाहीतर ‘बीटा फार मंद आहे’ अशा तक्रारी येतात आणि मंद असते ती तुंबलेली जोडणी.

सर्वांत फसवा आकडा ‘९६ टक्के यशस्वी’ हा. यश कळवणारी यंत्रे मोजली जातात. जे सुरूच होत नाही ते अपयश तरी कसे कळवणार? ठरलेल्या वेळेत खबर न देणारे यंत्र अपयशीच धरावे, मग ते नुसते बंद होते की कोसळले ते शोधावे. उरलेल्या थोड्यांकडे दुर्लक्षही महाग पडते. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर व्यवहार कंपनीने २०१२ मध्ये आठपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्राम चढवलाच नव्हता. १ ऑगस्टला त्यावरचा जुना प्रोग्राम जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले.

जुन्या आवृत्तीकडे माघारीचे म्हणाल तर ‘अनइन्स्टॉल’ म्हणजे माघार नव्हे. बीटाने डेटाबेसची रचना बदलली किंवा फाइली नव्या स्वरूपात साठवल्या, तर जुन्या आवृत्तीला त्या उघडता येतीलच असे नाही. म्हणून बॅकअपवरून पूर्ववत करण्याची तालीम एका यंत्रावर घड्याळ लावून करावी. चाळीस मिनिटे लागली आणि माणसे चार असतील, तर ४०० यंत्रांना सुमारे सदुसष्ट तास लागतील. डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूपबंद) केलेल्या असतील तर त्या उघडणाऱ्या रिकव्हरी की बंद पडू शकणाऱ्या नेटवर्कवरच ठेवू नयेत. बीटाची मुदत कधी संपते तेही आधीच पाहून ठेवावे; मुदत संपल्यावर काही बीटा आवृत्त्या सुरूच होत नाहीत.

थांबण्याची अट टप्पा सुरू होण्यापूर्वी आकड्यात लिहिलेली असावी : अमुक टक्के यंत्रे तासाभरात गप्प झाली की पुढचे वाटप आपोआप थांबेल. आणि रात्री दोन वाजता पाळीवर असलेल्या कर्मचाऱ्याला, वरिष्ठाला न उठवता, ते थांबवण्याचा लेखी अधिकार असावा.

आपला,
नेटवर्क व्यवस्थापनात काम करणारा एक वाचक